पदराची पिन आणि एमआरआयची खोली

मैत्रिणींनो, वाचायला बसला आहात तशाच बसून एक काम करा. आत्ता या घडीला तुमच्या अंगावर लोखंडाच्या किती वस्तू आहेत, त्या मोजा. खांद्यावरची पदराची पिन, निऱ्यांची पिन, ‘अडीअडचणीला असाव्यात’ म्हणून मंगळसूत्रात अडकवलेल्या दोन पिना, अंबाड्यातले आकडे, ब्लाऊजचे हूक, कमरेला खोचलेली कपाटाची किल्ली. मी मोजल्या तेव्हा अकरा निघाल्या! तुमच्या अंगावर साडीऐवजी पंजाबी ड्रेस असला, तरी पाच-सहा तरी निघतीलच.

हा खेळ उगाच सांगत नाही. या पिना आपल्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की कुणी विचारलं, ‘अंगावर काही धातू आहे का?’ तर आपण चटकन ‘नाही’ म्हणून मोकळ्या होतो. एरवी त्या ‘नाही’ने काही बिघडत नाही. पण एक जागा अशी आहे, जिथे हे ‘नाही’ फार महागात पडू शकतं. ती जागा म्हणजे एमआरआयची खोली.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंची कंबर धरली आणि पायाला मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय काढायला सांगितला. गंगाखेडजवळच्या खेड्यातून त्यांना आणलं आणि आम्ही दोघी जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या गावी गेलो. तिथे इंग्रजीत छापलेला एक फॉर्म हातात पडला. खिडकीतल्या मुलाने घाईघाईने विचारलं, “आजी, मेटल काही आहे का अंगावर?” सासूबाईंना ‘मेटल’ म्हणजे काय ते कळलं नाही, पण नको त्या भानगडीत पडायला नको म्हणून त्यांनी मान हलवली. “न्हाई बाबा.” मीही सही ठोकली. “म्हाताऱ्या आहेत, लुगडं राहू द्या,” असंही कुणीतरी म्हणालं. नंबर पुकारला गेला. चपला काढायला सासूबाई बाकावर वाकल्या, आणि खण्ण असा आवाज झाला.

काय असेल तो? कमरेला खोचलेली चंची! आणि चंचीत चुन्याच्या डबीशेजारी चांगला वीतभर लांब लोखंडी अडकित्ता! शिवाय मंगळसूत्रात तीन पिना. “अगं, त्यो तर कायमच असतोय माझ्यापाशी,” सासूबाई म्हणाल्या. खरंच होतं ते. त्यांच्या लेखी अडकित्ता म्हणजे ‘अंगावरचा धातू’ नव्हताच, तो त्यांच्या अंगाचाच भाग होता!

बाकावर आपटून तो वाजला नसता तर काय झालं असतं, हे मला तेव्हा नीटसं ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर मी त्याविषयी मिळेल ते वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, आणि मग मात्र माझी झोप उडाली. त्यातलं जे आपल्या घरोघरी उपयोगी पडेल ते आज तुम्हाला सांगते.

कधीच न झोपणारं चुंबक

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. सहावीच्या मुलांना चुंबकाचा धडा शिकवताना कागदावर लोहकीस पसरून खाली नालाकृती चुंबक फिरवते. मुलं हरखून जातात. एमआरआय म्हणजे तेच चुंबक, फक्त माणूस आत झोपवता येईल एवढं मोठं. रुग्णाला एका बोगद्यासारख्या पोकळीत सरकवतात, चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीराच्या आतल्या भागाची चित्रं काढतात. यात क्ष-किरण नसतात, हा या तपासणीचा मोठा गुण. मेंदू, मणका, गुडघा यांचं जे दुखणं साध्या एक्स-रेत दिसत नाही, ते यात दिसतं. ही तपासणी शक्य करणाऱ्या शोधांबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड या दोघा शास्त्रज्ञांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आता या चुंबकाची ताकद पाहा. दवाखान्यातलं नेहमीचं मशीन दीड किंवा तीन टेस्ला ताकदीचं असतं. टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजण्याचं माप. दीड टेस्ला म्हणजे ज्या पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे होकायंत्राची सुई हलते, त्याच्या सुमारे तीस हजार पट! फ्रीजच्या दारावर आपण किराणाची यादी ज्या चुंबकाने चिकटवतो, त्याच्याही शंभरपटींहून जास्त.

पण ताकदीपेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे, ती नीट लक्षात ठेवा. हे चुंबक कायम चालू असतं. मिक्सरचं बटण बंद केलं की पातं थांबतं, तसं इथे नाही. चुंबकाची तार द्रवरूप हेलियममध्ये बुडवून उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवलेली असते. इतक्या थंडीत त्या तारेत एकदा सोडलेली वीज न संपता फिरत राहते. तपासणी चालू नसली, खोलीत अंधार असला, दवाखाना रात्री बंद असला, तरी चुंबक जागंच. आपल्या मराठवाड्यातलं भारनियमनसुद्धा त्याला झोपवू शकत नाही! तपासणीच्या वेळी जो ‘धडधड खडखड’ आवाज येतो, तो थांबला की आपल्याला वाटतं मशीन बंद झालं. आवाज बंद होतो, चुंबक नाही.

दुसरी गोष्ट. ही ओढ हळूहळू वाढत नाही. दारात उभं राहिलं तर हातातल्या वस्तूला फारसं काही जाणवत नाही. दोन पावलं पुढे टाकली की एकाएकी ती वस्तू हातातून हिसकली जाते. सावरायला वेळच मिळत नाही. केसातला आकडा बाणासारखा सुटतो, आणि बोगद्यात झोपलेल्या माणसाचं तोंड नेमकं त्याच्या वाटेत असतं. पिनेचं हे, तर सिलेंडरचं काय होत असेल?

मुंबईत काय घडलं

२७ जानेवारी २०१८. मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर रुग्णालय. बत्तीस वर्षांचा एक तरुण आजारी नातेवाईक बाईंच्या सोबतीला आला होता. तो स्वतः रुग्ण नव्हता. बाईंना एमआरआयसाठी नेताना प्राणवायूचा सिलेंडर बरोबर होता. सिलेंडर आत घेऊन चल, मशीन बंद आहे, असं वॉर्डबॉयने सांगितलं, असं घरच्यांचं म्हणणं. त्याने सिलेंडर उचलला. आपणही हेच केलं असतं, नाही का? आजारी माणसाची सेवा, त्यात कुणी हातभार लाव म्हटलं, तर आपण नाही म्हणतो का कधी?

खोलीत शिरताच चुंबकाने सिलेंडर ओढला आणि सिलेंडरबरोबर त्यालाही. त्याचा हात अडकला. सिलेंडरची तोटी उघडून प्राणवायू जोराने बाहेर पडला आणि बेसुमार त्याच्या शरीरात गेला. त्याला बाहेर काढून उपचारासाठी नेलं, पण तो वाचला नाही. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. पण गेलेला माणूस काही परत येत नाही.

याआधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ‘अॅक्ट्रेक’ या कर्करोग संस्थेतही सिलेंडर असाच ओढला गेला होता. तिथले दोन कर्मचारी सिलेंडर आणि मशीन यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले. चुंबक मारून टाकण्याची आणीबाणीची कळ असते, ती त्या वेळी उपयोगी पडली नाही. दोघे जबर जखमी झाले.

हे आपल्याकडेच होतं असं मात्र समजू नका. २००१ साली अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या व्हॅलहाला इथे सहा वर्षांचा एक मुलगा मशीनमध्ये असताना त्याला प्राणवायू कमी पडू लागला. घाईत कुणीतरी लोखंडी सिलेंडर आत आणला आणि तो मुलाच्या डोक्यावर येऊन आदळला. मूल दगावलं. आणि अगदी अलीकडची, जुलै २०२५ ची गोष्ट ऐका. न्यूयॉर्कजवळच वेस्टबरी गावी एका बाईंच्या गुडघ्याची तपासणी झाली. टेबलावरून उठता येईना, म्हणून त्यांनी नवऱ्याला हाक मारली. एकसष्ट वर्षांचे ते गृहस्थ व्यायामासाठी गळ्यात सुमारे नऊ किलोची जाड साखळी घालत. ते आत आले आणि साखळीसकट ओढले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचं निधन झालं. बायकोने ‘जरा हात द्या हो’ म्हणावं आणि नवऱ्याने धावत यावं, यात कुणाची चूक म्हणायची? पण ती हाक त्या बाईंना जन्मभर ऐकू येणार.

मैत्रिणींनो, या घटना शेजारी शेजारी मांडून पाहा. मशीन बिघडलेलं नव्हतं. चुंबकाने आपलं काम चोख केलं. माणसं गेली ती दारातून आत आलेल्या लोखंडामुळे, आणि ते आणणारी माणसं बहुतेक वेळा मदतीलाच धावली होती.

अंगण, ओसरी, माजघर, देवघर

त्या अमेरिकन मुलाच्या मृत्यूनंतर तिथल्या रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या संस्थेने २००२ साली सुरक्षेचे नियम प्रसिद्ध केले. त्यात एमआरआय विभागाचे चार टप्पे सांगितले आहेत. मला ते वाचताना आपलं जुनं घरच आठवलं.

पहिला टप्पा म्हणजे अंगण. तिथे कुणीही यावं. दुसरा म्हणजे ओसरी. तिथे येणाऱ्याची विचारपूस होते, फॉर्म भरला जातो, कपडे बदलले जातात. तिसरा माजघर. मशीन चालवणारे तिथे बसतात, आणि त्यांनी नेल्याशिवाय परक्याने तिथे पाऊल टाकायचं नाही. आणि चौथा म्हणजे देवघर, खुद्द चुंबकाची खोली. देवघरात आपली आजी जशी सोवळ्याशिवाय कुणाला शिरू देत नसे, तसंच इथे लोखंडाचं सोवळं! रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला ते सारखंच. डॉक्टरांना आणि झाडूवाल्या मावशींनाही तेच.

या देवघरात नेहमीची चाकाची खुर्ची, स्ट्रेचर, सलाइनचा स्टँड, सिलेंडर यांना मज्जाव आहे. चुंबकाला न ओढल्या जाणाऱ्या धातूच्या खास वस्तू त्यासाठी मिळतात.

आपल्या देशात एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. एमआरआयमध्ये तसले किरण नसल्यामुळे ते त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही. म्हणूनच दारावर सोवळं पाळलं जातंय की नाही, हे आपणही डोळसपणे पाहायला हवं.

डॉक्टरांपासून काय लपवू नये

अंगावरचं काढून ठेवता येतं, पण अंगातलं काय? ते सांगावंच लागतं. हृदयाचा पेसमेकर, कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, हाडातली सळई वा स्क्रू, हृदयातला स्टेंट, कृत्रिम गुडघा, यातलं काहीही असेल तर आधी सांगा आणि त्याचे कागद बरोबर न्या. यातल्या कित्येक वस्तू चालतात, काही अजिबात चालत नाहीत. कुठली चालते ते कागद पाहून डॉक्टर ठरवतील, आपण नाही.

बायकांनी आणखी दोन गोष्टी न लाजता सांगाव्यात. तांबी बसवली असेल तर ती. साधारणपणे तांबीने अडचण येत नाही, पण त्यांना माहीत असायला हवं. आणि दिवस गेले असतील किंवा नुसती शंका असेल, तर तेही. सासू-सासरे जवळ असले की आपण गप्प राहतो. अशा वेळी तिथल्या बाईंना बाजूला बोलावून सांगा. शिरेतून औषध टोचून तपासणी करायची असेल, तर गरोदरपणात ते शक्यतो टाळतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तेही आधी सांगायचं.

घरातला कुणी ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग करत असेल, लेथवर काम करत असेल, तर त्याला विचारा: कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का? वर्षानुवर्षं गुपचूप बसलेला कण चुंबकाने हलला तर डोळ्याला इजा होऊ शकते. शंका असली तर आधी डोळ्याचा एक्स-रे काढतात.

तपासणीच्या आदल्या दिवशी

आता आपल्या घरकामाच्या पद्धतीने यादीच करू.

१. जोडवी, मासोळ्या, घट्ट बांगड्या, पाटल्या आदल्या रात्रीच काढा. बोट सुजलं असेल तर गार पाण्यात पाय बुडवून साबण लावा. नाकातली चमकी मळसूत्राची असेल आणि निघत नसेल, तर सोनाराकडे जा. दवाखान्याच्या बाकावर बसून ओढाताण नको.

२. सोनं चुंबकाला चिकटत नाही, मग मंगळसूत्र का काढायचं, असं तुम्ही म्हणाल. कडीचा, वाटीमागच्या लाखेतला, तारेतला धातू कुठला ते आपल्याला माहीत नसतं. शिवाय रेडिओलहरींनी धातूची साखळी तापून कातडी भाजू शकते. सासूबाईंनी गळा रिकामा ठेवायला साफ नकार दिला, तेव्हा मी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून त्यांच्या गळ्यात बांधलं. तिथल्या बाईंना दाखवलं, त्यांनी ‘चालेल’ म्हटलं. आपल्या आज्यांची ही जुनी रीत अशी कामी आली.

३. जरीची साडी, चमकीचं काम केलेले कपडे, चांदीच्या धाग्याचे म्हणून विकले जाणारे आतले कपडे घालून जाऊ नका. तिथला गाऊन देतील तो घाला. ‘राहू द्या लुगडं’ असं कुणी म्हटलं तरी आपणच आग्रह धरा.

४. आकडे, क्लिपा, बो, तारेचा गजरा, गंगावण काढा. कवळी आणि कानाचं यंत्र काढून डबीत ठेवा. काजळ, टिकली, चेहऱ्याचा रंग पुसून टाका.

५. दुखऱ्या भागावर लावलेली औषधाची पट्टी, दंडावरची साखर मोजण्याची चकती, जत्रेत घेतलेला चुंबकाचा पट्टा हे सगळं दाखवा आणि विचारून काढा. अंगावर गोंदण असेल तर तेही सांगा, क्वचित ते तापतं.

६. पुरुषांच्या आणि मुलांच्या अंगावरचं विसरू नका: करदोटा, ताईत, जानव्याला बांधलेली किल्ली, खिशातला चाकू, चिल्लर, मोबाइल, घड्याळ. आणि म्हातारीची चंची तर नक्कीच उघडून पाहा!

७. पिना एका वाटीत काढा, आणि निघण्यापूर्वी अंगावरून हात फिरवून पुन्हा एकदा मोजा.

आत गेल्यावर

तपासणीला साधारण वीस मिनिटांपासून पाऊण तास लागतो. आवाज मोठा असतो, तेव्हा कानात घालायचे बोळे मागून घ्या. हातात एक रबरी फुगा देतात. गुदमरल्यासारखं झालं, अंगाला कुठे चटका बसतोय असं वाटलं, तर तो दाबायचा. ‘कसं सांगायचं, लोक काय म्हणतील’ असं करायचं नाही. हाताची घडी घालून किंवा एका हातात दुसरा हात गुंफून झोपू नका. कातडीला कातडी टेकून शरीराची साखळी झाली की तिथे भाजण्याचा संभव असतो. मांड्यांमध्ये कापड ठेवून घ्या.

लहान मुलाजवळ आई बसणार असेल, तर आईनेही सगळं सोवळं पाळायचं. आणि आतल्या माणसाला एकाएकी काही झालं, तर आपण आत धावायचं नाही. जाणकार कर्मचारी रुग्णाला आधी खोलीबाहेर काढतात आणि उपचार बाहेर करतात. तोच योग्य मार्ग.

‘नाही’ म्हणायला शिका

हे वाचून कुणी एमआरआयलाच घाबरू नये. जगभर रोज कितीतरी तपासण्या सुखरूप होतात. सासूबाईंचीही झाली, मणक्याचं दुखणं कळलं, आणि आता त्या पुन्हा पाटावर बसून शेंगा फोडतात.

माझं मागणं एवढंच आहे. फॉर्म इंग्रजीत असेल तर ‘मराठीत समजावून सांगा’ म्हणा. त्यासाठी थांबावं लागलं तरी चालेल. घरच्या म्हातारीला ‘मेटल’ विचारू नका. ‘अडकित्ता, किल्ली, पिन आहे का?’ असं नाव घेऊन विचारा. आणि कुणी, मग तो पांढऱ्या कोटातला का असेना, ‘हे जरा आत घेऊन या, मशीन बंद आहे’ म्हणाला, तर तिथेच थांबा. ‘चुंबक कधी बंद नसतं, मी आत येणार नाही’ असं स्पष्ट सांगा. आपल्याला लहानपणापासून हातभार लावायला शिकवलेलं आहे, आणि ते चांगलंच आहे. पण त्या एका दारापाशी हात रिकामे ठेवणं हीच आजारी माणसाची सेवा.

आमच्याकडे आता कुणाच्याही तपासणीची तारीख ठरली, की सासूबाई स्वतःच वाटी घेऊन बसतात. “काढा गं पोरींनो पिना!” म्हणतात, आणि सगळ्यात आधी आपला अडकित्ता त्या वाटीशेजारी ठेवतात.